भंडारदऱ्याच्या भिंतीपलीकडे

आमच्या गावात पावसाची वाट फारशी कुणी पाहत नसे. वाट पाहिली जाई ती पाटाला पाणी येण्याची. प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचं आमचं गाव. ‘पाणी सुटलं’ अशी बातमी आली की गावाचा चेहरामोहराच बदलून जाई. सात नंबरचे अर्ज भरले आहेत की नाहीत, आपली पाळी दिवसा येते की रात्री, चारीच्या तोंडाशी कोण थांबणार, याची चर्चा पारावर रंगे. रात्रीची पाळी असली की वडील फावडं आणि बॅटरी घेऊन निघत, आणि मी हट्ट केला तर मलाही बरोबर नेत. अंधारात कोरड्या सरीतून पाणी पुढे सरकताना जो एक बारीक आवाज होतो, तो अजून माझ्या कानात आहे.

‘हे पाणी येतं कुठून?’ असं मी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘धरणातून.’ ‘आणि धरणात कुठून येतं?’ ‘डोंगरातून.’ आमचं भूगोलाचं ज्ञान तिथे संपत असे. त्या डोंगरात माणसं राहतात, आणि धरणाच्या जागी धरणापूर्वीही काहीतरी असणार, हा प्रश्न मला पडायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. मी इतिहासाचा शिक्षक झालो, मुलांना लढाया आणि तह शिकवले. पण ज्या पाण्यावर मी वाढलो त्याचा इतिहास मात्र निवृत्तीच्या उंबरठ्यावर आल्यावर शोधू लागलो. तो आज आपल्याला सांगायचा आहे.

आजचा अहिल्यानगर, म्हणजे आपला जुना नगर जिल्हा, दोन टोकांचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर, रतनवाडी या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर आलं की श्रीरामपूर, नेवासे या भागात जेमतेम पाचशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. दोन्ही टोकांना जोडणारी नदी एकच, ती म्हणजे प्रवरा. रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम इथे गोदावरीला मिळते. पण पावसाळ्यात दुथडी वाहणारी ही नदी उन्हाळ्यात खाली वाळवंट होई. पाणी होतं, पण हवं तेव्हा नव्हतं.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि त्यानंतर १८९६-९७ व १८९९-१९०० असे लागोपाठ आलेले दोन दुष्काळ यांनी दख्खनचं कंबरडं मोडलं. सरकारने १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-माँक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला. दख्खनच्या पठारावर पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे घाटमाथ्याच्या खात्रीच्या पावसाचं पाणी अडवून ते पूर्वेकडे आणावं, हा विचार त्यातून बळावला. अशा कामांतून सरकारला फार नफा होणार नाही हे उघड होतं. दुष्काळात लोकांना जगवण्यावर होणारा खर्च वाचेल, असा त्यामागचा हिशेब होता. गोदावरीच्या खोऱ्यात दारणा, नीरेच्या खोऱ्यात भाटघरचं नवं धरण आणि प्रवरेवर भंडारदरा ही सारी त्याच विचाराची फळं होत.

प्रवरेच्या खोऱ्याची पाहणी करणाऱ्यांत आर्थर हिल हे इंग्रज अभियंता होते. शेंडी गावाजवळ नदी दोन डोंगरांच्या चिमटीतून बाहेर पडते. तिथे भिंत घातली तर मागचं विस्तीर्ण खोरं आपोआप तलाव होईल, हे जाणत्या डोळ्यांना दिसण्यासारखं होतं. १९१० साली काम सुरू झालं. मध्येच पहिलं महायुद्ध आलं, तरी काम चालू राहिलं. दगड आणि चुना यांत बांधलेली ही भिंत अखेर नदीच्या तळापासून २७० फूट उंच झाली. आजच्या मापाने सांगायचं तर ८२ मीटर उंच आणि सुमारे अर्धा किलोमीटर लांब. आपल्या देशात त्या काळी एवढ्या उंचीची धरणं नव्हती. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. धरणाला नाव मिळालं विल्सन डॅम आणि तलावाला आर्थर लेक. अकरा हजार दशलक्ष घनफुटांहून थोडं अधिक, म्हणजे आपण ज्याला अकरा टीएमसी म्हणतो, इतकं पाणी त्यात मावतं.

या योजनेची एक गंमत अशी की धरणाच्या पायथ्याशी कालवा नाही. मोरीतून पाणी नदीतच सोडतात. ते नदीच्या पात्रातून रंधा धबधब्यावरून, अकोले आणि संगमनेर ओलांडून ओझरच्या बंधाऱ्याशी येतं. तिथे नदीच्या दोन्ही अंगांना डावा आणि उजवा कालवा निघतो. म्हणजे पाणी साठतं ते अकोल्याच्या पश्चिम टोकाला, आणि ते हक्काने शेतात शिरतं ते संगमनेरच्या पुढे. मधल्या लोकांनी नदीला पाणी आलेलं पाहावं, इतकंच. या एका रचनेत पुढच्या शंभर वर्षांची भांडणं दडलेली होती, असं मला आता वाटतं.

पाणी आलं आणि खालचा मुलूख बदलला. दुष्काळाला अडसर म्हणून आणलेल्या पाण्यामागोमाग ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, टिळकनगरला डहाणूकरांचा झाला. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि उसाचे मळे पिकवले. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीनधारणेचा कायदा आला, त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकरी शेतकऱ्यांना आपलीच जमीन परत मिळवण्यासाठी दोन पिढ्या झगडावं लागलं. ती परत मिळू लागली २०१२ च्या सुमारास. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, ही तर साऱ्या देशाने दखल घेतलेली गोष्ट. शाळा आल्या, दवाखाने आले, कॉलेजं आली. काही जमिनी जास्त पाण्याने चोपण झाल्या, चर खणावे लागले, हेही खरं. पण एकूण हिशेब जमेचाच. माझ्या शिक्षणाची फी उसाच्या पैशातून भरली गेली. म्हणजे भंडारदऱ्याच्या पाण्यातूनच.

त्या धरणाची आठवण आम्हाला एकदाच भीतीने झाली, ती १९६९ साली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पावसाळ्याच्या अखेरीस तलाव भरत आला असताना भिंतीला तडे गेल्याचं आणि पायथ्याशी मोठी गळती सुरू झाल्याचं दिसून आलं. आठच वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत फुटून पुण्यात हाहाकार उडाला होता. १९६७ चा कोयनेचा भूकंप तर सर्वांच्या मनात ताजा होता. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत. आजी म्हणाली, ‘ज्या पाण्यानं जगवलं तेच आता न्यायला येतंय की काय?’ सुदैवाने तसं काही झालं नाही. पुढच्या काही वर्षांत भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आधाराच्या जाड भिंती बांधून धरण मजबूत करण्यात आलं. आजही धरणासमोर उभं राहिलं की ते भलेमोठे आधार दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मला मात्र आजीचं वाक्य आठवतं.

आता भिंतीपलीकडची गोष्ट. भंडारदऱ्याला मी तरुणपणी गेलो होतो, पण सगळे जातात तसा. अंब्रेला फॉल पाहायचा, रंधा पाहायचा, शेंडीला भजी खायची आणि परत फिरायचं. पुढे पुष्कळ वर्षांनी एका मे महिन्यात तलावाच्या दुसऱ्या टोकाला, रतनवाडीला मुक्काम केला. अमृतेश्वराचं ते देखणं प्राचीन मंदिर पाहणं हा हेतू. संध्याकाळी पाण्याच्या कडेने फिरत होतो. तलाव खूपच खाली गेला होता, आणि उघड्या पडलेल्या गाळात मला रेषा दिसल्या. एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. जवळच एक म्हातारे गृहस्थ गुरं वळवीत होते. मी विचारलं, ‘बाबा, त्या रेषा कसल्या?’

ते म्हणाले, ‘बांध हायेत गुरुजी. भाताच्या खाचरांचे.’

‘कुणाची खाचरं?’

‘आमचीच की. माझा आजा दाखवायचा, ही आपली, ती पल्याडची चुलत्याची. दर साल उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येत्यात. पाऊस लागला की परत जात्यात.’

मग त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही कोणत्या गावचे?’ मी गावाचं नाव सांगितलं. ते जरा हसले आणि म्हणाले, ‘म्हंजे पाणी तुमच्याकडं जातं.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पूर्वेकडे जातो असं म्हणावं, तितक्या सहज ते बोलले. मला मात्र काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्यांच्या घरासमोर अकरा टीएमसी पाणी होतं आणि त्यांची सून दोन हंडे घेऊन डोंगरातल्या झऱ्याकडे चालली होती. तलाव खाली, वस्ती वर. पाणी उचलून वर आणल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आमच्या गावाला तेच पाणी उताराने, आपल्या पायांनी चालत येतं.

या खोऱ्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. डोंगरउतारावर नागली-वरई आणि तळाशी, जिथे माती साचते तिथे, भाताची खाचरं, अशी त्यांची शेतीची घडी. धरणाचं पाणी पसरतं ते तळाशीच. म्हणजे जमीन गेली ती सर्वांत चांगली, आणि हातात राहिला तो उतार. त्या काळी जमीन घेतली जाई ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्यात बाजारभाव आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर पंधरा टक्के अशी रोख रक्कम देण्याची तरतूद होती. ज्याचं नाव कागदावर, त्याला पैसे. जमिनीला जमीन, घराला घर, ही कल्पनाच त्या कायद्यात नव्हती. ज्या समाजात पैशाचा व्यवहारच बेताचा आणि सावकाराचं देणं मात्र पाचवीला पुजलेलं, तिथे रोख रकमेचं काय होत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. याच अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड केलं होतं, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याला फाशी देण्यात आलं होतं, हे इथे विसरता येत नाही.

मग भंडारदऱ्याला कुणी विरोध कसा केला नाही? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. कारण त्याच वर्षांत, इथून फार लांब नसलेल्या मुळशी पेट्यात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांचा सत्याग्रह चालू होता. १९२१ च्या रामनवमीला तो सुरू झाला. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मावळातली पन्नासेक गावं बुडणार होती. सत्याग्रह अखेर हरला, धरण झालं. पण मुळशीचं नाव इतिहासात राहिलं. मुळशीजवळ पुणं होतं, पुण्यातली वर्तमानपत्रं होती, पुढारी होते. आणि पाणी हवं होतं ते एका कंपनीला, मुंबईच्या वीजेसाठी. भंडारदऱ्याजवळ पुणं नव्हतं. शिवाय इथलं पाणी दुष्काळी शेतकऱ्याच्या तोंडी जाणार होतं. अशा कामाला विरोध करणं म्हणजे भुकेल्याच्या ताटाला हात लावणं. माझ्या मते भंडारदरा इतका शांतपणे पार पडला तो यामुळे. वरच्या माणसाचं दुःख बोलायला जागाच उरली नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात केपेल केलिन नावाचं छोटं गाव होतं. शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, दफनभूमी आणि पिढ्यान्‌पिढ्या वेल्श भाषा बोलणारी शेतकरी माणसं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तसा कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराचं मत त्याच्या बाजूने पडलं नाही, तरी तो झाला. १९६५ साली धरण पूर्ण होऊन गाव पाण्याखाली गेलं. विशेष म्हणजे तिथलं पाणीही आपल्या प्रवरेसारखंच नदीत सोडतात आणि पुढे खाली उचलून घेतात. पण वेल्सच्या लोकांनी ते गाव विसरू दिलं नाही. ‘त्रिवेरिन लक्षात ठेवा’ अशी अक्षरं तिथल्या एका पडक्या भिंतीवर कुणी रंगवली. ती पुसली गेली की लोक पुन्हा रंगवतात. आणि २००५ साली लिव्हरपूल नगरपालिकेने त्या लोकांची जाहीर माफी मागितली. गाव परत आलं नाही. पण ज्यांनी पाणी प्यायलं त्यांनी ते कुणाच्या जमिनीवर साठलं हे मान्य केलं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आपल्याकडेही काळ थांबलेला नाही. धरणग्रस्तांच्या चळवळींनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा दिली. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण झालं, त्याच्या कालव्यांसाठी जिरायती गावांनी कित्येक दशकं वाट पाहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. अकोल्यासाठी उंचावरून जाणारे वेगळे कालवेही त्यात आहेत. पाणी अडवणाऱ्या तालुक्याला पाण्यात वाटा असावा, हे निदान तत्त्व म्हणून मान्य झालं.

आणि नियतीचा खेळ असा, की आम्ही खालचे लोक आता वरचे झालो आहोत. गोदावरीवर पैठणला जायकवाडी झालं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं ठरलं. तसं ते काही दुष्काळी वर्षांत सुटलंही. तेव्हा आमच्या भागात मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले. ‘आमचं पाणी’ हा शब्द मी पारावर ऐकला, आणि रतनवाडीच्या त्या बाबांची आठवण झाली. मराठवाड्यालाही जगायचं आहे, आणि आमचे मळेही वाळता कामा नयेत. भांडण खरं आहे, दोन्ही बाजूंचं खरं आहे. पण ज्या पाण्याला आम्ही आमचं म्हणतो, त्याला आमचं म्हणण्याचा पहिला हक्क ज्यांचा होता, त्यांना आम्ही शंभर वर्षांत एकदाही विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

२०२३ साली राज्य सरकारने भंडारदऱ्याच्या जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव देण्याचं ठरवलं. चांगलं झालं. गव्हर्नर आणि अभियंता यांच्या नावांशेजारी त्या मातीतल्या माणसाचं नाव आलं. २०२६ च्या डिसेंबरात उद्घाटनाला शंभर वर्षं पूर्ण होतात. अशा वेळी समारंभ होतात, दिव्यांची रोषणाई होते. होऊ द्या, त्या भिंतीचं कौतुक करायलाच हवं. माझी मागणी साधी आहे. भूसंपादनाच्या वेळी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची नावं जुन्या कागदपत्रांतून शोधून काढावीत आणि एका दगडावर कोरून तलावाकाठी लावावीत. ज्यांचं कागदावर नावच नव्हतं, त्यांच्यासाठी त्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्यांच्या आजा-पणज्याच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हे काम लाभक्षेत्रातल्या शाळा-कॉलेजांनी करावं. कारण उसाच्या पैशातून ती उभी राहिली आहेत. हे काम आता केलं नाही तर सांगणारं कुणी उरणार नाही. मला ज्यांनी ते बांध दाखवले, ते बाबा आज नाहीत.

प्रवरेला आपण अमृतवाहिनी म्हणतो. तिच्या उगमाशी अमृतेश्वर आहे, आणि शेवटाकडे नेवाशाला मोहिनीराज. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत मोहिनीने तिथेच वाटलं, अशी तिकडे श्रद्धा आहे. वाटपाची ती कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. एका पंगतीला अमृत मिळालं आणि दुसऱ्या पंगतीला नाही, आणि मंथनाचा दोर मात्र दोन्ही पंगतींनी ओढला होता. रतनवाडीच्या पाण्यातले ते बांध पाहिल्यापासून ही कथा मला पूर्वीसारखी ऐकता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)